गुलाबाचं पान उलटून बघ

गुलाबावर काही दिसलं की 'आत्या, काय फवारू?' असं विचारतेस. त्याआधी 'कोण आलंय?' हे बघायला शीक, पोरी. पान पिवळं पडलं एवढ्यावरून काही कळत नाही. बुरशीनं पान पिवळं पडतं, कोळ्यानं पडतं, जास्त पाण्यानं पडतं, जमिनीत लोह मिळेनासं झालं तरी पडतं. चौघांचे उपाय वेगळे. बुरशीचं औषध सहसा कोळ्याला लागत नाही आणि कोळ्याचं औषध बुरशीला. ओळख न पटवता बाटली उघडली की पैसे जातात, झाड जातं आणि गच्चीवरचे उपयोगी किडे सगळ्यांत आधी मरतात.

आमचे अण्णा म्हणजे तुझे आजोबा. नाशिकच्या जुन्या घराच्या अंगणात त्यांनी आयुष्यभर गुलाब सांभाळले. सकाळी झाडाशी गेले की त्यांचा क्रम ठरलेला असायचा. आधी बुडाची पानं वरून बघायची, मग तीच उलटून. मग शेंडा, मग कळी, मग काडी आणि शेवटी कलमाचा सांधा. त्यात कधी खंड पडला नाही. तुझ्याकडे कुंड्या मोजक्या आहेत, एवढं बघायला वेळ लागणार नाही. जवळ एक पांढरा कागद आणि साधं भिंग ठेव. काही रोग आणि बऱ्याच किडी पानाच्या पाठीवर राहतात, वरून बघणाऱ्याला त्या सापडत नाहीत.

आता पावसाळ्याचं सांगते, कारण आपल्याकडचे गुलाब पावसाळ्यातच हरतात. आषाढ-श्रावणात खालच्या पानांवर काळे गोल डाग येतात. डागाची कड गुळगुळीत नसते, फाटल्यासारखी पिसारलेली असते. भोवती पिवळं होतं आणि पान गळतं. हा काळ्या ठिपक्यांचा रोग. या बुरशीचं बीज पानावर पडलं तरी लगेच रुजत नाही. त्याला सलग सहा-सात तास ओलं पान लागतं. एवढं एक लक्षात ठेवलंस तर निम्मी लढाई जिंकलीस. संध्याकाळी पानांवर पाणी मारणं म्हणजे त्या बुरशीला रातभराची ओल देणं. पाणी सकाळी घालायचं, मातीला घालायचं, झारीचं तोंड खाली धरून. कुंड्या एकमेकींना चिकटवू नकोस, मधून वारा खेळला पाहिजे. भर पावसात कुंड्या पत्र्याच्या किंवा सज्जाच्या आडोशाला सरकवता आल्या तर फारच उत्तम. ऊन मात्र मिळायला हवं, दिवसाचे पाच-सहा तास तरी.

दुसरं काम गळलेली पानं वेचायचं. हा रोग जुन्या पानांत आणि काडीवरच्या डागांत टिकून राहतो, पावसाचा थेंब आपटला की तिथून वर उडतो. म्हणून ठिपक्यांची पानं झाडावरूनही काढ आणि खालूनही उचल. ती कंपोस्टच्या डब्यात टाकू नकोस, कचऱ्यात दे. मातीवर वाळलेल्या पाचोळ्याचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर दे, म्हणजे चिखल पानांवर उडणार नाही. एवढं करूनही ठिपके वर चढायला लागले तर कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा मँकोझेब, लिटरला अडीच ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंना. पाऊस उघडलेला दिवस बघून फवार. ही औषधं नव्या पानाला वाचवतात, ठिपका पडलेलं पान पुन्हा हिरवं करत नाहीत. म्हणून झाड निम्मं उघडं पडल्यावर फवारून काही उपयोग नसतो. पहिला ठिपका दिसला की सुरुवात कर.

पिवळ्या गुलाबावर तुझा जीव आहे, म्हणून हेही सांगते. आजचे बहुतेक पिवळे आणि नारिंगी बागेतले गुलाब एका जुन्या फ्रेंच जातीच्या वंशातले आहेत. ल्यों शहराजवळच्या जोसेफ पेर्ने-द्यूशे यांनी १९०० मध्ये 'सोलेई दॉर' नावाची जात आणली. तिच्यात पश्चिम आशियातल्या एका पिवळ्या रानगुलाबाचं रक्त होतं. रंग तिकडून आला आणि काळ्या ठिपक्यांपुढे नमण्याची खोडही तिकडूनच आली. म्हणून पिवळा गुलाब लावलास तर त्याला सगळ्यांत मोकळी, सगळ्यांत उन्हाची जागा दे. नवं झाड घेताना जमल्यास भाद्रपदात कुणाची तरी बाग बघून ये. पावसाळा सोसून ज्या जातीच्या बुडाशी पानं शिल्लक आहेत, तिचं नाव विचारून घे. डॉ. बी. पी. पाल हे १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्याआधी गव्हाच्या तांबेऱ्याला दाद न देणारे वाण काढण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. आपल्या हवेत तगणारे कितीतरी नवे गुलाबही त्यांनीच केले. रोगाला पहिलं उत्तर वाणाच्या निवडीत असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

थंडी सुरू झाली की भुरी येते. दिवसा ऊब, रात्री गारवा, पहाटे दमट हवा, म्हणजे मार्गशीर्ष ते माघ. कोवळी पानं वळतात, त्यांच्यावर आणि कळीच्या देठावर पांढरी पूड बसते. ही बुरशी काळ्या ठिपक्याच्या उलट स्वभावाची आहे. हिला ओलं पान नको, कोरड्या पानावरच ती पसरते. आपल्याकडे द्राक्षवाल्यांच्या घरी एक भीती असते, की बागेतली भुरी गुलाबावर आणि गुलाबाची बागेवर जाईल. तसं होत नाही. द्राक्षाची भुरी वेगळी, गुलाबाची वेगळी. दोघींना एकच हवा मानवते म्हणून त्या एकाच वेळी दिसतात.

भुरीवर घरचा उपाय चालतो. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात, आठवड्यातून एकदा. ब्राझीलमध्ये १९९९ साली भोपळ्याच्या जातीतल्या झुकिनीवर याची रीतसर परीक्षा झाली आणि भुरी आटोक्यात राहिली. गुलाबावरही सुरुवातीच्या भुरीला मी हेच करते. जास्त झाली तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम. मात्र गंधक थंडीतलंच औषध आहे. पारा ३२-३३ च्या वर गेला की गंधकानं पानं भाजतात. आणि नीमतेल मारल्यावर दोन आठवडे गंधक मारू नकोस, गंधकानंतर तेलही नाही. नत्र कमी दे, युरियावर वाढलेली लुसलुशीत फूट भुरीला पहिली बळी पडते.

केवडा आणि तांबेरा तुझ्या गच्चीवर क्वचितच येतील. गारठ्यात पावसाळी हवा राहिली आणि पानांवर शिरांमधे जांभळट कोनदार डाग पडून झाड एकदम पानं टाकू लागलं, तर तो केवडा. पॉलिहाऊसवाल्यांना त्याचा त्रास जास्त.

आता ज्यानं गुलाब खरोखर मरतो त्याकडे वळू. शेंडेमर. काडी टोकाकडून काळी-तपकिरी होत खाली येते. बघणारा म्हणतो, वाळली असेल. पण ती रोज खाली सरकते, सांध्यापर्यंत पोचली की कलम गेलं. ती शिरते कापलेल्या टोकातून. वाळलेलं फूल देठासकट तसंच राहिलं, बोथट कात्रीनं काडी चिरडली, डोळ्याच्या फार वर कापून नुसता खुंट ठेवला, की तिथून ती आत जाते. म्हणून फूल उतरलं की खाली मोजत ये आणि पाच पानांचं जे पहिलं धडधाकट पान असेल त्याच्या वर काप. काप तिरका, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर. शेंडेमर आधीच आली असेल तर काळ्याच्या खाली निदान इंचभर निरोगी लाकडात ये. कापलेल्या तोंडात मधला गर पांढरा दिसेपर्यंत कापत जा. तपकिरी ठिपका दिसला तर अजून खाली. तिथे जीव अडकतो, झाड बुटकं होईल असं वाटतं. कापच. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटनं पुसून घे.

कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट लाव. घरी करायची रीत अण्णांनी शिकवली तीच तुला देते. दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही मिळून शंभर मिली पाणी. मोरचूद बारीक कुटून अर्ध्या पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात विरघळव. उरलेल्या पाण्यात चुना विझव, गार होऊ दे, गाळून घे. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओत आणि लाकडी काडीनं ढवळ. लोखंड, पितळ, स्टील काही वापरू नकोस. तयार झाल्यावर त्यात लोखंडी सुरीचं पातं क्षणभर बुडव. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय, थोडा चुना अजून घाल. त्याच दिवशी संपव, उद्यासाठी ठेवू नकोस. दहा-दहा ग्रॅमच लिटरभर पाण्यात केलंस तर ते फवारायचं मिश्रण होतं. छाटणीनंतरच्या उघड्या काड्यांवर ते मार, कोवळ्या फुटीवर नको. या मिश्रणाचं नाव फ्रान्समधल्या बोर्दो गावावरून आलं. तिकडे रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना दूर ठेवायला मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेलींना केवडा होत नाही हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते औषध म्हणून जाहीर केलं.

छाटणी आपल्याकडे पाऊस पूर्ण उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर, दसरा-दिवाळीच्या बेतानं. त्यानंतर साधारण दीड महिन्यात फुलं येतात. पावसात छाटलंस तर प्रत्येक काप शेंडेमरीला उघडा राहतो. मुळं उघडी टाकून ताण द्यायची जुनी पद्धत जमिनीतल्या गुलाबांची, कुंडीत ती करू नकोस. कलमाच्या सांध्याच्या खालून आलेली जंगली फूट कात्रीनं न कापता बुडापासून उपटून काढ, कापली तर ती दुप्पट जोरानं येते. कलम लावताना सांधा मातीच्या वरच ठेव.

किडींकडे येते. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे दाटीनं बसलेत, तो मावा. पाण्याच्या जोरदार धारेनं, किंवा बोटांनी चिरडून, त्याचा बंदोबस्त होतो. मुंग्या चढताना दिसल्या तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समज. मुंग्या त्यांच्या गोड चिकट स्रावासाठी जातात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. त्या स्रावावरच मग काजळी धरते. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोड. वापरलेली चहापूड साखरेसकट कुंडीत टाकायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ती धुऊन टाक, नाहीतर मुंग्यांना आपणच बोलावतो. आणि माव्यात मगरीसारखी लांबट, काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरताना दिसली तर तिला हात लावू नकोस. ती ढालकिड्याचं पिल्लू आहे, दिवसभर मावाच खाते. पिठ्या ढेकणांत एखादा पांढरा केसाळ किडा भराभर पळताना दिसला तर तोही बहुधा आपलाच, ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्याची अळी. आपले द्राक्षवाले हे किडे विकत आणून बागेत सोडतात. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही अळी पळते. पिठ्या ढेकणावर स्पिरिटात बुडवलेला कापूस फिरव.

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत लाल कोळी. वरून पान फिकट, बारीक पिवळट ठिपक्यांनी भरलेलं, धुरकट. उलटलं की टाचणीच्या टोकाएवढे जीव हलताना दिसतात, पुढे जाळीही. पान पांढऱ्या कागदावर झटक, हलणारे ठिपके पडले की खात्री झाली. याला आठ पाय असतात, हा किडा नव्हेच, म्हणून साधी कीटकनाशकं याला लागत नाहीत. उलट सायपरमेथ्रिनसारख्या औषधांनी कोळी खाणारे जीव मरतात आणि कोळी वाढतो. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून आठवड्याभरात नवी पिढी तयार होते, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याची धार मार, चार-पाच दिवस रोज, आठवड्यानं पुन्हा. पावसाळ्यात ओल्या पानाला मी नको म्हणते आणि उन्हाळ्यात धार मार सांगते, यात विरोध नाही. चैत्रातल्या उन्हात पान घटकाभरात कोरडं होतं आणि कोळ्याला कोरडी धुळकट हवाच हवी असते.

कळी उमलत नाही, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात, तेव्हा फुलकिडे. कळी कागदावर ठोकलीस की पिवळट, काडीसारखे बारीक जीव पडतात. बिघडलेल्या कळ्या काढून पिशवीत बांधून टाक, कुंड्यांच्या मधे निळे चिकट सापळे टांग. काडीवर तांबूस-करडे खवले चिकटले असतील तर जुन्या दात घासायच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात खरवड, फार असतील ती काडी कापून टाक. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे निघतात आणि रात्रीत पानं कुरतडतात. बॅटरी घेऊन जा, झाड हलव, पडतील ते साबणाच्या पाण्यात टाक. यांचीच पिल्लं म्हणजे हुमणी, मुळं खाणारी. कच्चं शेणखत कुंडीत घालू नकोस, पूर्ण कुजलेलंच घाल, सोबत मूठभर निंबोळी पेंड.

आणि पानाच्या कडेला कुणी गोल, स्वच्छ, कात्रीनं कापल्यासारखे तुकडे नेले असतील तर काहीही करू नकोस. ती पानं कापणारी मधमाशी. तिला घरट्यासाठी तेवढंच हवं असतं, त्यानं झाडाचं काही बिघडत नाही.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तेही शेंड्याच्या पानांत, असं दिसलं तर रोग नाही. चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी, यांत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लोहाचं चिलेट दे, पावसाचं पाणी साठवून घाल, मातीत चांगलं शेणखत मिसळ. मात्र पिवळ्या रेघांची नागमोडी नक्षी असेल तर तो मोझेक नावाचा विषाणू. तो डोळा भरतानाच येतो, औषध नाही. झाड फुलत असेल तर राहू दे, त्याची कलमं कुणाला देऊ नकोस.

नीमतेलावर माझा भरवसा आहे, पण ते सगळ्याचं औषध नाही. मावा, कोवळे ढेकूण, थोडा फुलकिडा, एवढ्याला चांगलं. पाच मिली तेल, लिटरभर कोमट पाणी, थोडा साबणाचा चुरा, आणि फवारणी ऊन उतरल्यावर, कारण उन्हात त्याची ताकद लवकर जाते. निंबोळ्या मिळाल्या तर वाळलेल्या गराची ५० ग्रॅम पूड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजव, सकाळी फडक्यानं गाळ, ठेव सावलीत आणि त्याच संध्याकाळी मार. नवं कुठलंही औषध आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांब.

दुकानातून बाटली आणायचीच झाली तर तिच्यावरचा रंगीत त्रिकोण बघ. लाल सगळ्यांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घरच्या गच्चीवर लाल-पिवळ्याची गरज कधीच पडत नाही. सांगितलं त्यापेक्षा एक थेंबही जास्त टाकू नकोस. दोन औषधं स्वतःच्या मनानं एकत्र करू नकोस. पूर्ण बाह्या, हातमोजे, नाक-तोंड बांधलेलं, वाऱ्याकडे पाठ. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते मी अजून विसरलेले नाही. चार कुंड्यांना मारतोय म्हणून विष कमी विषारी होत नाही. मुलांना आत पाठव, वाळत घातलेले कपडे काढ, पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं झाकून ठेव.

फवारलेल्या झाडाचं फूल देवाला वाहा, केसात माळ, पण तोंडात जाऊ देऊ नकोस. गुलकंद करायची तुला हौस आहे ना, मग त्यासाठी गावठी गुलाबी गुलाबाची एक कुंडी वेगळी, बाकीच्यांपासून लांब ठेव. तिला पाणी, शेणखत आणि तुझे हात एवढंच लागू दे. किडे वेचून काढ, ठिपक्यांची पानं तोड, थोडी फुलं कमी आली तरी चालतील. हाराच्या दुकानातून आणलेल्या गुलाबांचा गुलकंद मात्र कधीही करू नकोस.